तापमान आणि सापेक्ष आर्द्रता: बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइलवर आर्द्रतेचा आकडा दिसायला लागल्यापासून आणि तीन-चारशे रुपयांचे मीटर घराघरांत आल्यापासून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांचा गोंधळ एकाच ठिकाणी होतो: शेजारचं तापमान न बघता टक्केवारी वाचली जाते. म्हणून खालच्या प्रत्येक उदाहरणात दोन्ही आकडे एकत्र दिले आहेत. गणितं कळायला प्रश्न ३ मधला तक्ता लागेल.

१. सापेक्ष आर्द्रता ८० टक्के म्हणजे हवेत ८० टक्के पाणी असतं का?

नाही. या टक्केवारीतून पाणी किती आहे ते कळत नाही, हवा भरून यायला किती उरलं आहे ते कळतं. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ राहू शकते, त्याच्या तुलनेत सध्या किती आहे, याचा हा हिशोब. ३० अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३०.४ ग्रॅम वाफ मावते. तिथे ८० टक्के म्हणजे साधारण २४ ग्रॅम. एक घनमीटर हवेचं वजन एक ते सव्वा किलोच्या दरम्यान असतं, म्हणजे अगदी भर पावसाळ्यातही हवेत पाणी वजनाने दोन-अडीच टक्क्यांच्या वर क्वचितच जातं.

२. तापमान वाढलं की आर्द्रता कमी का होते? गरम हवा पाणी जास्त शोषते म्हणूनच ना?

हिशोबाला ही समजूत चालते, पण हवा काही स्पंज नाही. पाण्याच्या पृष्ठभागावरून सतत काही रेणू उडत असतात आणि काही परत येत असतात. तापमान वाढलं की उडणाऱ्यांची संख्या भराभर वाढते, त्यामुळे जाणारे आणि येणारे यांची बरोबरी व्हायला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वाफ लागते. ही बरोबरीची पातळी म्हणजे १०० टक्के. ती तापमानावर ठरते. हवा अजिबात नसलेल्या बंद बाटलीतही ती जवळपास तीच राहते.

म्हणजे हवेतलं पाणी तेवढंच राहिलं आणि तापमान चढलं, तर वरचा आकडा तोच आणि खालचा छेद मोठा. टक्केवारी उतरते. ढोबळ मानाने दर अंशाला ही मर्यादा ६ ते ७ टक्क्यांनी वाढते आणि दर १० ते ११ अंशांना जवळपास दुप्पट होते.

३. कोणत्या तापमानाला किती पाणी मावतं, याचा तक्ता मिळेल का?

| तापमान (°से.) | घनमीटरमागे कमाल वाफ (ग्रॅम) | कमाल बाष्पदाब (हेक्टोपास्कल) |
|---|---|---|
| १० | ९.४ | १२.३ |
| १५ | १२.८ | १७.० |
| २० | १७.३ | २३.४ |
| २५ | २३.० | ३१.७ |
| ३० | ३०.४ | ४२.४ |
| ३५ | ३९.६ | ५६.२ |
| ४० | ५१ | ७३.८ |

बाष्पदाब म्हणजे हवेतल्या वाफेचा दाब. मोकळ्या हवेचा हिशोब करताना हा तिसरा रकाना वापरा. दुसरा रकाना कधी वापरायचा, ते शेवटच्या प्रश्नात आहे. तिसऱ्या रकान्याचे आणखी काही आकडे हाताशी ठेवा: १३ अंशाला १५.०, १८ ला २०.६, २२ ला २६.४, २७ ला ३५.६, २८ ला ३७.८ आणि ३६ ला ५९.४.

४. सकाळी ८५ टक्के होती, दुपारी ३३ झाली. मधलं पाणी गेलं कुठे?

कुठेही गेलं नाही. एप्रिलातला बेळगावातला एक दिवस धरू. पहाटे २० अंश आणि ८५ टक्के:

२३.४ × ०.८५ = १९.९. हा हवेतला प्रत्यक्ष बाष्पदाब. दुपारी तापमान ३६ अंश. तिथली मर्यादा ५९.४. १९.९ भागिले ५९.४ म्हणजे ३३ टक्के.

वाफ तेवढीच, फक्त तापमान १६ अंशांनी चढलं. हाच हिशोब उलटा केला की रात्री टक्केवारी परत चढलेली दिसते. हवामान खात्याच्या नोंदींमध्ये सकाळी ८:३० आणि संध्याकाळी ५:३० असे दोन वेगळे आकडे असतात ते यासाठीच. "आजची आर्द्रता" असा एकच आकडा कुणी सांगितला, तर आधी वेळ विचारा.

५. मग हवा खरोखर दमट आहे की नाही, हे कळायचं कसं?

दवबिंदूवरून. हवा गार करत नेली की ज्या तापमानाला ती १०० टक्के भरते आणि पाणी सुटायला लागतं, ते तापमान म्हणजे दवबिंदू. हवेतलं पाणी बदलल्याशिवाय तो बदलत नाही. त्यामुळे सकाळ-दुपारची, किंवा खानापूर-अथणीची तुलना करायला हाच आकडा खरा.

घरी मोजायला महागडं काही लागत नाही. एक चकचकीत स्टीलचा पेला कोरडा पुसून घ्या. त्यात खोलीच्या तापमानाचं पाणी अर्ध्यापर्यंत भरा आणि तापमापक बुडवा. बर्फाचे बारीक तुकडे एकेक करून टाका. आधीचा पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरा टाकायचा नाही, आणि सतत ढवळत राहायचं. पेल्याच्या बाहेरच्या अंगावर, पाण्याच्या पातळीखाली, चकाकी मंद होऊन बोटाचा ठसा उमटेल इतकी पुसट वाफ धरली की त्या क्षणी तापमान वाचा. मग बर्फ थांबवा आणि ती वाफ उडून जाते तेव्हाचं तापमान पुन्हा वाचा. दोन्हींची सरासरी हा तुमचा दवबिंदू. पेल्याजवळ तोंड नेऊन बघू नका, कारण श्वासानेच काच-स्टील धूसर होतं आणि आकडा दोन-तीन अंशांनी चुकतो.

समजा खोली २८ अंश आणि दवबिंदू १८. तर २०.६ ÷ ३७.८ = ५४ ते ५५ टक्के. दवबिंदू १६ च्या खाली असला की अंगाला हवा हलकी वाटते आणि २४ च्या वर गेला की पंख्याखालीही घाम वाळत नाही.

६. दोन तापमापक वापरून आर्द्रता मोजतात, ते कसं करायचं?

दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्यावर धुतलेल्या सुती मलमलीची पट्टी गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दुसरा कोरडा ठेवा. दोन्हींवर टेबलफॅनचा वारा सोडा आणि चार-पाच मिनिटांनी, आकडा उतरायचा थांबल्यावर वाचा. आधी ओला वाचायचा, मग कोरडा.

बेळगावच्या उंचीला सूत्र असं: बाष्पदाब = ओल्या तापमानाचा कमाल बाष्पदाब − ०.६१ × (कोरडं − ओलं).

कोरडा ३०, ओला २५ असेल तर ३१.७ − ३.०५ = २८.६, आणि २८.६ ÷ ४२.४ म्हणजे ६७ टक्के.

चुकतं कुठे? बहुतेक वेळा पट्टीवर. बोअरच्या जड पाण्याचे क्षार साचून पट्टी कडक होते, पाणी वर चढत नाही आणि ओला तापमापक जास्त दाखवतो. मग आर्द्रता खरीपेक्षा जास्त निघते. पावसाचं गाळलेलं किंवा बॅटरीत घालायचं पाणी वापरा आणि दर पंधरवड्याला पट्टी बदला. वारा न लावता वाचलेला आकडाही असाच जास्त येतो.

७. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. मग पुस्तकातले तक्ते इथे चालतील का?

प्रश्न ३ चा तक्ता जसाच्या तसा चालतो, कारण कमाल बाष्पदाब उंचीवर ठरत नाही. फक्त प्रश्न ६ च्या सूत्रातला ०.६१ हा आकडा समुद्रकिनारी ०.६७ असतो. छापील तक्ते किनाऱ्याच्या दाबासाठी असतात, त्यामुळे इथे ते एखाद-दुसरा टक्का कमी दाखवतात. तेवढ्यासाठी जिवाला घोर लावून घेऊ नका.

८. कणकुंबी, चोर्ल्याकडे सगळं धुक्यात बुडालेलं आणि अथणीला ऊन. जिल्हा तोच ना?

जिल्हा तोच, पण हवेचा प्रवास वेगळा. गोव्याकडून आलेला वारा सह्याद्री चढतो तेव्हा दर १०० मीटरला साधारण एक अंशाने गार होतो. दवबिंदू मात्र १०० मीटरला ०.२ अंशानेच उतरतो. म्हणून दोघे एकमेकांना कुठे गाठतील ते काढायला सोपा नियम आहे: (तापमान − दवबिंदू) × १२५ मीटर.

पायथ्याला २९ अंश आणि दवबिंदू २५ असेल तर ४ × १२५ = ५०० मीटर. चोर्ल्याचा माथा सुमारे ८०० मीटरवर. म्हणजे शेवटचे तीनशे मीटर गाडी ढगातूनच चालते. ज्याला आपण घाटातलं धुकं म्हणतो, तो बहुतेक वेळा खालून बघणाऱ्याचा ढग असतो.

माथ्यावर पाऊस पाडून हवेतलं पाणी कमी होतं आणि ती पूर्वेकडे उतरायला लागते. अथणी बेळगावपेक्षा सुमारे दोनशे मीटर खाली, म्हणजे उतारामुळेच दोन अंशांची वाढ. शिवाय ढग विरळ, त्यामुळे ऊन जास्त. बेळगावात २४ अंशाला ८५ टक्के असलेली हवा तिकडे ३० अंशावर पोहोचली की ६० टक्क्यांच्या आसपास येते. पाण्यात फारसा फरक नसताना एवढा बदल होतो.

९. उन्हाळ्यात संध्याकाळी आर्द्रता तापमानाच्या हिशोबापेक्षा खूप जास्त चढते. सूत्र चुकतं का?

सूत्र बरोबर आहे, हवा बदललेली असते. दुपारी ३६ अंश, ३० टक्के, म्हणजे बाष्पदाब १७.८. संध्याकाळी २६ अंशाला यातून ५३ टक्के निघायला हवेत. मीटर ७५ दाखवत असेल तर बाष्पदाब २५ वर गेला आहे आणि दवबिंदू १६ वरून २१ वर. हे पाणी पश्चिमेच्या वाऱ्याने घाटावरून आणलं. बेळगावकर ज्या गार वाऱ्याची दिवसभर वाट बघतात, तोच हा वारा.

म्हणून दिवसातून दोनदा दवबिंदू काढून बघा. तो जागेवर राहिला तर टक्केवारीतला बदल निव्वळ तापमानाचा. हलला तर वारा, पाऊस किंवा शेताला दिलेलं पाणी यांपैकी काहीतरी शोधा. वळवाची सर पडून गेल्यावर दोन्ही एकदम होतं: तापमान पडतं आणि पाणीही वाढतं.

१०. मे-जूनमध्ये फरशीला घाम सुटतो. जमिनीतून ओल येते का?

पाणी जमिनीतलं असेल किंवा हवेतलं, दोन्ही शक्य आहे आणि उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून आधी चाचणी घ्या. फरशीचा दोन हात लांब-रुंद भाग कोरडा पुसा, त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिक पसरा आणि चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. चोवीस तासांनी बघा. प्लास्टिकच्या खालून थेंब असतील तर ओल जमिनीतली आहे. वरच्या बाजूला पाणी आणि खाली कोरडं असेल तर ते हवेतलं.

हवेतलं असेल तर कारण असं: बाहेर २७ अंश, ७५ टक्के, म्हणजे दवबिंदू २२ च्या थोडा वर. जुन्या घरातली शहाबादी फरशी अजून २१ अंशावर. फरशीलगतची हवा १०० टक्क्यांच्या पलीकडे जाते आणि पाणी सोडते. अशा वेळी "हवा खेळू दे" म्हणून दारं-खिडक्या सताड उघडणं म्हणजे पाण्याला आवतण. दुपारी दमट वारा असताना बंद ठेवा, पहाटे बाहेरची हवा गार असताना उघडा. ओल्या फडक्याने पुसण्यात काही अर्थ नाही, कोरडंच फडकं फिरवा. चार-आठ दिवसांत फरशी तापमान धरते आणि प्रकार आपोआप थांबतो.

११. पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांना बुरशी येते. खोलीचा मीटर तर ७५ टक्केच दाखवतो!

खोलीच्या मधोमध ७५ असेल. कपाट ज्या भिंतीला टेकलंय तिथे नाही. खोली २५ अंश आणि ७५ टक्के म्हणजे बाष्पदाब २३.८. पावसाने भिजलेली पश्चिमेची भिंत २१ अंशावर असेल तर तिथली मर्यादा २४.९, आणि भिंतीलगतची आर्द्रता ९५ टक्के. पृष्ठभागाजवळ ८० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिलं की बुरशी धरते.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. हे एकच काम निम्मा त्रास घालवतं. शक्य असेल तर कपाट आतल्या भिंतीला हलवा. कपडे गच्च भरू नका.

जुन्या पद्धतीचा १५ वॅटचा पिवळा बल्ब कपाटाच्या तळाशी लावणं शास्त्राला धरून आहे. २२ अंश, ९२ टक्क्यांची हवा २७ वर नेली की ६८ टक्क्यांवर येते, पाण्याचा एक थेंबही न काढता. एलईडी दिव्याचा मात्र इथे उपयोग नाही, तो पुरेसा तापतच नाही. बल्बला जाळी हवी आणि कापड वीतभर लांब हवं, नाहीतर आगीची भीती. हे जमत नसेल तर बल्ब लावूच नका.

डांबराच्या गोळ्यांनी कसर लांब राहते, आर्द्रता कमी होत नाही. सिलिका जेलच्या पुड्या स्वतःच्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांश पाणी घेतात आणि मग थांबतात. एका साडीच्या पिशवीला त्या पुरतील, दारं सारखी उघडणाऱ्या कपाटाला नाही.

१२. बंद खोलीत पंखा लावूनही कपडे वाळत नाहीत, असं का?

हिशोब करून बघा. खोली ३ × ४ मीटर, उंची ३ मीटर, म्हणजे ३६ घनमीटर. २५ अंशाला अख्ख्या खोलीत मिळून जास्तीत जास्त ८२८ ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता आधीच ७० टक्के असेल तर जागा उरली २५० ग्रॅमची. बादलीभर कपड्यांत दीड-दोन लिटर पाणी असतं. ते जाणार कुठे? पाव लिटर उडालं की खोली भरली. मग पंखा तीच ओली हवा फिरवत राहतो.

खिडकी बोटभर तरी उघडी ठेवा आणि दुसऱ्या बाजूने हवा बाहेर जाऊ द्या. मशीन असेल तर पिळण्याचा फेरा दोनदा द्या, तिथे निघालेलं पाणी खोलीत येतच नाही. खोली तीन-चार अंशांनी गरम करणं चांगलं, पण बाहेर जायला वाट ठेवूनच.

१३. पापड-सांडगे कडक वाळतात आणि रात्रीत सादळतात. गोळा कधी करावेत?

तीन ते चारच्या दरम्यान. ऊन उतरायच्या आत. दुपारी ३५ अंश, ३० टक्क्यांची हवा पापडातलं पाणी ओढून घेते. तीच हवा रात्री २२ अंशावर आली की ६४ टक्के होते आणि पश्चिमेचा वारा सुटला (प्रश्न ९) तर ८० च्या घरात जाते. मग पापड उलट हवेतूनच पाणी घेतो. दिवसभराची मेहनत दोन तासांत जाते.

पण उन्हातून काढून तसेच गरम डब्यात भरू नका. आतली हवा तापलेली असते, डबा गार झाला की झाकणाला पाणी धरतं आणि वरचा थर मऊ पडतो. घरात कोरड्या कापडावर पसरून वरून दुसरं कापड टाका, अर्ध्या तासात गार झाले की हवाबंद डब्यात. डबा काठोकाठ भरा. मोकळी जागा म्हणजे दर वेळी आत जाणारी नवी दमट हवा.

गुळाच्या रव्याला पाणी सुटणं याच जातीचं, फक्त गूळ फार अधाशी. हवा ७० टक्क्यांच्या वर गेली की तो पाणी ओढू लागतो. पावसाळ्यात रवा गोणपाटात न ठेवता जाड प्लास्टिकच्या दोन थरांत घट्ट बांधा.

१४. तंबाखूचं वाळलेलं पान पहाटेच का हाताळतात?

निपाणी भागात ही रीत कुणी पुस्तक वाचून पाडलेली नाही, पण कारण तक्त्यातच आहे. दुपारच्या ३० टक्के हवेत पान इतकं कोरडं होतं की उचलताच चुरा होतो. पहाटे तीच हवा ८०-९० टक्क्यांवर येते, पान थोडं पाणी घेऊन नरम पडतं आणि न मोडता गोळा होतं. ऊन तापायच्या आत काम उरकायचं. पानाला दव लागून ते ओलंच झालं असेल तर मात्र तसंच दाबून बांधू नका, ढिगात ऊब धरते आणि बुरशी येते.

१५. मार्च-एप्रिलमध्ये मागावर धागा फार तुटतो. जमिनीवर पाणी मारून फरक पडतो का?

पडतो. सुताला विणताना ७० ते ८० टक्के हवा मानवते. हवा कोरडी झाली की धाग्यातलं पाणी उडतं, ताकद कमी होते, तंतू उभे राहतात आणि ताण्याचे धागे तुटू लागतात.

पाणी मारण्यात दुहेरी फायदा असतो, तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पाणी उडताना हवेतली उष्णता घेतं. ३६ अंश, ३० टक्क्यांची हवा बाहेरची उष्णता न मिळता पाणी घेत गेली तर २७ अंशावर उतरते आणि तिथे ६५ टक्के होते. १० × ८ × ४ मीटरच्या शेडमधली एकदाची हवा अशी करायला सव्वा ते दीड लिटरच पाणी उडावं लागतं. प्रत्यक्षात जास्त लागतं, कारण पत्रा आणि मोटारी उष्णता देत राहतात आणि दारातून कोरडी हवा येत राहते. म्हणून एकदम बादल्या ओतण्यापेक्षा दर अर्ध्या तासाला हलका शिडकावा करा, दुपारी उन्हाकडच्या खिडक्यांना ओलं गोणपाट लावा. ८५ च्या वर जाऊ देऊ नका, फणी गंजते.

१६. अथणीत पाहुण्यांकडे कूलर झकास चालतो, आमच्याकडे खानापूरला नुसती चिकचिक. कूलर खराब आहे का?

कूलर चांगला आहे, तुमच्या हवेत जागा नाही. ४० अंश, २० टक्के हवेचं ओलं तापमान सुमारे २२. चांगला कूलर मधल्या अंतराचा तीन चतुर्थांश भाग कापतो, म्हणजे हवा २६-२७ वर येते. जूनमध्ये २७ अंश, ८५ टक्क्यांला ओलं तापमान २५, म्हणजे फार तर दीड अंशाचा फायदा आणि वर दमटपणा. अशा दिवशी पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा. आणि कूलर चालू असताना खिडकी उघडी हवीच, नाहीतर प्रश्न १२ ची गत होते.

एसीचं वेगळं. तो हवा दवबिंदूच्या खाली नेऊन पाणी नळीतून बाहेर टाकतो. म्हणून गार करूनही खोली कोरडी वाटते.

१७. घाटात गाडीची काच धूसर होते. गरम हवा सोडू की गार?

आधी बोटाने आतून पुसून बघा. निघालं तर वाफ आतली: माणसांचे श्वास, ओले रेनकोट. एसी चालू ठेवून तापमान गरमवर न्या, झोत काचेकडे वळवा आणि आतली हवा फिरवायचं बटण बंद करा. एसी पाणी काढतो, हीटर टक्केवारी उतरवतो. दोन्ही एकत्र लावल्यावर मिनिटभरात काच साफ होते.

आतून पुसून निघालं नाही तर वाफ बाहेरून धरली आहे, कारण एसीने काच बाहेरच्या दवबिंदूखाली नेली. वायपर मारा, झोत काचेवरून काढा, एसीचं तापमान वाढवा. इथे आणखी गार केलं तर दिसायचं पूर्ण बंद होईल.

१८. मीटर ८८ टक्के दाखवतो तरी द्राक्षाच्या पानावर दव. १०० झाल्याशिवाय दव कसं?

मीटर हवेचा आकडा सांगतो, दव पानावर पडतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पान आकाशाकडे उष्णता फेकतं आणि हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी गार होतं. हवा १५ अंशाला आणि पान १३ ला असेल तर १५.० ÷ १७.० म्हणजे ८८ टक्क्यांलाच पानावर पाणी सुटतं. केवड्यासारख्या रोगांना पानावरचा हा ओलावाच हवा असतो. म्हणून फवारणी ठरवताना ८५ च्या वरचे तास मोजा, १०० ची वाट बघू नका. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री हा फरक जवळपास मिटतो.

१९. एकाच खोलीत दोन मीटर, एक ५८ आणि दुसरा ६६. खरा कोणता?

स्वस्त मीटरची चूक तीन ते पाच टक्के धरूनच चाला. तपासायला मिठाची चाचणी करा. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. वर पाणी तरंगता कामा नये. झाकण आणि दोन्ही मीटर एका पारदर्शक हवाबंद डब्यात ठेवा. आठ ते बारा तास, ऊन न येणाऱ्या जागी, तापमान फार न हलता. आत ७५ टक्के व्हायलाच हवेत. मीटर ७० दाखवत असेल तर त्याच्या आकड्यात ५ मिळवत जा.

मीटर उन्हात, टीव्हीच्या वर किंवा तापलेल्या भिंतीला लावला असेल तर चाचणी करूनही उपयोग नाही. हवा ३० अंशाला ६० टक्के असताना मीटर स्वतः ३५ पर्यंत तापला तर तो ४५ दाखवेल.

२०. मुसळधार पाऊस चालू असताना मोबाइल ८७ टक्के दाखवतो. १०० का नाही?

थेंब वरच्या ढगातून येतात, १०० टक्के तिथे असतात. खालची हवा सुरुवातीला कोरडीच असते. थेंब पडता पडता थोडे उडतात आणि ती हळूहळू भरते. दिवसभराची झड लागली की ९५ च्या वर जाते. शिवाय मोबाइलचा आकडा तुमच्या अंगणात मोजलेला नसतो.

२१. मी ग्रॅमचा रकाना वापरून २० अंशाची १०० टक्के हवा ३० ला नेली, ५७ टक्के आले. बाष्पदाबाने ५५. बरोबर काय?

दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. हवा घट्ट बंद डब्यात तापवली तर आकारमान तेच राहतं, घनमीटरमागचे ग्रॅम बदलत नाहीत: १७.३ ÷ ३०.४ = ५७. मोकळ्या हवेत किंवा साध्या खोलीत हवा तापल्यावर फुगते आणि फटींतून बाहेर जाते. दाब तोच राहतो, पण एका घनमीटरमधली वाफ थोडी विरळ होते: २३.४ ÷ ४२.४ = ५५. घर, शेत, शेड सगळीकडे टक्केवारीसाठी बाष्पदाबाचा हिशोब धरा. ग्रॅमचा फक्त रबर लावलेल्या बरणीला. आणि त्या बरणीत पापड किंवा धान्य असेल तर तोही लागू पडत नाही, कारण तापल्यावर माल स्वतःच पाणी सोडतो आणि टक्केवारी उतरण्याऐवजी थोडी चढते.